मोडीत न गेलेला हंडा

आखाडा बाळापुरात हिंगोली-नांदेड रस्त्याच्या आजूबाजूला जी नवी सिमेंटची घरं उभी राहिली, त्यांच्या बैठकीत भिंतीतलं काचेचं कपाट हमखास दिसतं. त्यात पितळी हंडा, तांब्याचं घंगाळ, चरवी, समई असं काहीबाही लखलखीत घासून मांडलेलं असतं. पिण्याचं पाणी मात्र स्टीलच्या पिंपात. यावर नाक मुरडणारे म्हणतात की, ज्यात पाणी भरत नाही ते भांडं कसलं, ती नुसती अडगळ. हंडा एक तर वापरा, नाही तर मोडीत घालून त्या पैशांत कामाची वस्तू आणा. ऐकायला हे सरळ वाटतं. मला ते साफ अमान्य आहे, कारण ‘काम’ या शब्दाचा अर्थच इथे फार कोता धरलेला आहे.

आधी ‘वापरा’ या सल्ल्याकडे पाहू. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. कल्हई नसलेल्या पितळेत ताक, आमटी, चिंचेचं कालवण कळकतं. कल्हई करायची तर भट्टीवर भांडं तापवून, नवसागर टाकून, वितळलेलं कथील आतून फिरवणारा कारागीर दारात यायला हवा, आणि तो आता क्वचितच येतो. पाण्याच्या हंड्याला कल्हई लागत नाही हे खरं, पण तो रिकामाच जड असतो आणि चिंच-राखेने घासल्याशिवाय उजळत नाही. स्टील हलकं, आंबटाला न भिणारं. घरातल्या बाईने स्टील निवडलं ते आपल्या मानेचे आणि हातांचे कष्ट वाचवायला, आणि तिने योग्यच केलं. तेव्हा हंडा स्वयंपाकघरात परत जाणार नाही. त्याच्यापुढे उरतात दोनच वाटा, काचेचं कपाट किंवा मोड. मोडीच्या तराजूवर फक्त वजन चढतं. ठोक्यांची घडण, काठाची नक्षी, कोरलेली अक्षरं यांचा तिथे एक पैसाही येत नाही. म्हणून शोभा आणि उपयोग यांची तुलना करणंच चुकीचं आहे. तुलना करायची तर शोभा आणि भट्टी यांची करा.

त्या अक्षरांपाशी जरा थांबायला हवं. आपल्याकडे लग्नातल्या भांड्यांवर नाव घालण्याची रीत आहे: कोणी दिलं, कोणाला दिलं, गाव, तारीख. बाळापूरच्या एखाद्या हंड्यावर जिल्हा कोरलेला असेल आणि तो १ मे १९९९ च्या आधीचा असेल, तर तिथे परभणीच सापडेल, कारण हिंगोली जिल्हा त्या दिवशी झाला. पण गावापेक्षा मोलाचं आहे ते बाईचं नाव. शेताच्या सातबाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या बाप, मुलगा, नातू असाच क्रम चालत आला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला, तोही तोवर लग्न झालेल्या मुलींना वगळून. देशभर हा हक्क २००५ मध्ये आला. म्हणजे आज सत्तरीत असलेल्या बाईचं लग्न झालं तेव्हा माहेरच्या जमिनीच्या कागदावर तिला जन्माने जागा नव्हती. पितळेवर होती. कित्येक घरांत ती ज्या मिळकतीची मालकीण होती, तिचा हाती धरता येईल असा एकमेव लेख तो हंडा आहे. पाणी वाहायचं थांबल्यावरही तो हे काम करतोच आहे.

यावर खरा जड आक्षेप वेगळाच आहे, आणि तो टाळून चालणार नाही. ही भांडी आंदणाची. आंदणाआड हुंडा लपत आला, १९६१ चा कायदा होऊनही लपत राहिला. मग कर्ज काढून बापाने घेतलेल्या वस्तूचं प्रदर्शन मांडायचं? या प्रश्नातली वेदना मला मान्य आहे. पण पुरावा वितळवल्याने अन्याय पुसला जात नाही. उलट नात विचारते, ‘आजी, हे नाव कोणाचं?’ तेव्हा बोलणं सुरू होतं, त्यात कर्जही येतं आणि माहेरही येतं. हंडा मोडीत गेला तर तो प्रश्न कोणी विचारणार नाही.

एक गोष्ट मात्र टीकाकारांची खरी. जुनं दिसावं म्हणून रंग मारलेले बाजारातले हंडे, सत्कारातल्या त्याच त्या प्लास्टिकच्या ढाली यांची बाजू मी घेणार नाही. त्यांच्यामागे कोणाचं जगणं नाही. फरक कळायला पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहावं. २० हजारांहून अधिक वस्तूंच्या त्या संग्रहात दिवे, अडकित्ते, दौती, स्वयंपाकाची भांडी आहेत. घरोघरी रोज हाताळली गेलेली. केळकरांनी ती जमवली नसती तर त्यांतली कितीतरी मोडीतच गेली असती. बाळापूरच्या कपाटात तेच चाललं आहे, एका घरापुरतं. धूळ बसते, जागा अडते, हे आक्षेप त्यापुढे किरकोळ आहेत.

घरच्यांकडे मागणं एवढंच. नक्षीपुढे ती कोरलेली अक्षरं ओबडधोबड दिसतात, म्हणून हंडा मांडताना कित्येकदा नावाची बाजू भिंतीकडे जाते. ती काचेकडे वळवा.