प्रॅक्टिकलच्या टेबलावरून लॉरेन्झपर्यंत

ओपन सोर्समध्ये यायचंय, सुरुवात कुठून करू, असं विचारणाऱ्या इंजिनिअरिंगच्या मुलांना बहुतेक जण एकच सल्ला देतात: एखादा नावाजलेला सॉफ्टवेअर प्रकल्प धरा आणि त्यातली एखादी छोटी चूक दुरुस्त करून पाठवा. माझं मत वेगळं आहे. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षात असाल, तर ॲनालॉग संगणकाच्या प्रकल्पात जा. तिथे गर्दी नाही. शिवाय नवख्याला जे समजत नाही, ते बऱ्याचदा कुणी नीट लिहूनच ठेवलेलं नसतं.

जर्मनीतल्या ॲनाब्रिड कंपनीचं ‘द ॲनालॉग थिंग’ हे यंत्र बघा. यामागे असलेले प्रा. बर्न्ड उलमान हे ॲनालॉग संगणकाचे जुने अभ्यासक. एका पाटीवर पाच इंटिग्रेटर, चार समर, चार इन्व्हर्टर, दोन मल्टिप्लायर, दोन कंपॅरेटर आणि आठ पोटेन्शिओमीटर आहेत; आराखडे सगळ्यांना खुले. इथे कोड लिहायचा नसतो. समीकरणातल्या पदांप्रमाणे केबल जोडायच्या आणि यंत्र सुरू करायचं. जोडलेलं सर्किट त्या समीकरणासारखंच वागतं आणि उत्तर व्होल्टेजच्या रूपात सीआरओच्या (ऑसिलोस्कोपच्या) पडद्यावर उमटतं.

यातला इंटिग्रेटर आपल्या मुलांच्या चांगल्या ओळखीचा आहे. ब्रेडबोर्डवर ७४१ ऑप-अँप बसवायचा, फीडबॅकमध्ये कपॅसिटर लावायचा, स्क्वेअर वेव्ह द्यायची आणि ट्रँग्युलर वेव्ह बघायची. हे प्रॅक्टिकल कितीतरी कॉलेजांत दरवर्षी होतं. जर्नलवर सही होते, व्हायवात फॉर्म्युला विचारला जातो आणि विषय तिथेच मिटतो. असे तीन इंटिग्रेटर आणि दोन मल्टिप्लायर योग्य रीतीने जोडले, की हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६३ मध्ये मांडलेली तीन समीकरणं सुटतात आणि सीआरओवर दोन पंखांची ती प्रसिद्ध आकृती फिरू लागते. हे त्या मुलांना कुणी सांगत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

‘योग्य रीतीने जोडले की’ असं मी सहज लिहून गेलो, पण सगळी मेहनत तिथेच आहे. लॉरेन्झची समीकरणं नेहमीच्या गुणकांनी, म्हणजे १०, २८ आणि ८/३ घेऊन चालवली, तर तिसरं चल ५० च्या जवळ पोचतं. यंत्राची धाव मात्र उणे एक ते अधिक एक एवढीच, म्हणजे प्रत्यक्षात उणे दहा ते अधिक दहा व्होल्ट. त्यापुढे ओव्हरलोड. म्हणून आधी चलं लहान करून घ्यायची: पहिल्याला २० ने, दुसऱ्याला ३० ने, तिसऱ्याला ५० ने भागायचं. तसं केलं की गुणक बदलतात. दुसऱ्या समीकरणातल्या गुणाकाराच्या पदाचा गुणक १ होता, तो ३३ च्या पुढे जातो. पोटेन्शिओमीटर शून्य ते एक एवढंच देऊ शकतो आणि दहापटीचं इनपुट वापरलं तरी दहाच्या वर जाता येत नाही. मग काळसुद्धा दहापट मंद करायचा. तेव्हा तो गुणक ३.३३ वर येतो आणि सगळं यंत्रात मावतं. त्यात प्रत्येक इंटिग्रेटर चिन्ह उलटवतो, त्याचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो.

१९५० आणि ६० च्या दशकांत हे गणित ॲनालॉग यंत्रांवर काम करणाऱ्यांच्या हातचा मळ होतं. आपल्याकडेही १९५३ मध्ये कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये समरेंद्रकुमार मित्र यांनी दहा अज्ञातांची एकघाती समीकरणं सोडवणारा ॲनालॉग संगणक उभा केला होता. पुढे डिजिटल यंत्रं आली आणि हे कसब जुन्या मॅन्युअलांत आणि त्या पिढीच्या डोक्यात राहून गेलं. म्हणूनच एका समीकरणाचं हे रूपांतर, एकही पायरी न गाळता, चिन्हांसकट आणि जोडणीच्या आकृतीसकट लिहून देणं हे नवख्याचं अस्सल योगदान ठरतं. जाणकार ज्या पायऱ्या मनातल्या मनात ओलांडतो, त्या नवख्यालाच दिसतात. चार महिन्यांनी त्यालाही त्या दिसणार नाहीत, म्हणून अडखळलात त्याच दिवशी लिहा.

इथे तपासणीही वेगळी असते. डिजिटल प्रोग्रॅमचं उत्तर जुळतं किंवा जुळत नाही. ॲनालॉगमध्ये प्रत्येक भागाची किंमत थोडी इकडेतिकडे असते आणि लॉरेन्झची समीकरणं तर एवढ्याशा फरकानेही वेगळ्या वाटेला लागतात. दोन यंत्रांवरची रेघ तंतोतंत जुळणारच नाही, आकृतीचा घाट जुळेल. ‘चालत नाही’ एवढं कळवून म्हणूनच भागत नाही. कुठला पोटेन्शिओमीटर कितीवर होता, कुठली केबल कुठे होती, सीआरओची स्केल काय होती, सगळं फोटोसकट द्यावं लागतं.

असं एक नीट टिपण ढीगभर किरकोळ बदलांपेक्षा मोलाचं असतं. खुल्या प्रकल्पांना बदल पाठवण्याच्या हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात २०२० मध्ये टी-शर्टसाठी निरर्थक बदलांचा पूर आला होता. एका भारतीय यूट्यूब चॅनेलवरच्या प्रात्यक्षिकाची तेव्हा बरीच चर्चा झाली आणि आयोजकांना नियम बदलावे लागले. असे बदल पाठवणाऱ्या मुलांना मी दोष देत नाही. योगदान म्हणजे आकडा, असंच त्यांना शिकवलं गेलं होतं.

यंत्र विकत घेणं प्रत्येकाला परवडणार नाही, एडी६३३ सारखी मल्टिप्लायर चिपही स्वस्त नसते. पण आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचं ईसिम हे सर्किट सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर मोफत आणि खुलं आहे. बरंच काम त्यात होतं. नोकरीत याचा उपयोग काय, असं पालक विचारतील. फिक्स्ड-पॉइंट मायक्रोकंट्रोलरवर सेन्सरचं सिग्नल हाताळताना आकडे मर्यादेत बसवण्याचं हेच गणित पुन्हा करावं लागतं.

शिक्षकांना माझी विनंती आहे. मिनी प्रोजेक्टच्या यादीत लाइन फॉलोअर रोबोटच्या शेजारी हाही विषय ठेवा: एक डिफरन्शियल इक्वेशन निवडा, ते यंत्राच्या मर्यादेत बसवा, ब्रेडबोर्डवर किंवा ईसिममध्ये चालवा आणि टिपण खुल्या प्रकल्पाला पाठवा. टिपणाला गुण द्याच, आणि ते वाचून तिथल्या माणसांनी काय विचारलं, त्यावर विद्यार्थ्याने काय सुधारलं, यालाही गुण द्या.