ड्रिलोंचा फुटबॉल कुरूप नव्हता

एगिल ओल्सेन यांच्यावरचा आरोप जुना आहे. त्यांनी नॉर्वेला सामने जिंकून दिले, पण फुटबॉलची कळा घालवली, असे म्हटले जाते. हा आरोप इंग्लंडमधल्या समालोचकांनी केला, युरोपातल्या वृत्तपत्रांनी केला, खुद्द नॉर्वेतल्या पुष्कळ रसिकांनीही केला. आपल्याकडे, जिथे कोल्हापूरपासून मडगावपर्यंत फुटबॉल म्हणजे ब्राझील आणि अर्जेंटिना हे समीकरण घट्ट आहे, तिथे तो कुणाला खोडून काढावासाही वाटत नाही. मला वाटतो. ज्या माणसाने पन्नासहून अधिक वर्षे विश्वचषकाबाहेर राहिलेल्या देशाला दोनदा तिथे नेले, त्याची नोंद ‘लांब चेंडू मारायला लावणारा प्रशिक्षक’ एवढ्यावर संपणे हा उघड अन्याय आहे.

पूर्वपक्ष आधी नीट मांडतो. टीकाकार म्हणतात, ओल्सेन यांनी खेळ आकड्यांच्या हवाली केला. बचावातून उंच चेंडू मारायचा, एका उंच खेळाडूने तो डोक्याने खाली उतरवायचा, बाकीच्यांनी त्यावर तुटून पडायचे, एवढेच त्यांचे शास्त्र. खेळाडूच्या प्रतिभेला त्यात वाव नाही. आणि 1994 च्या विश्वचषकात तीन सामन्यांत एकच गोल करून हा संघ परतला, हा त्या शास्त्राचा निकाल.

यातल्या पहिल्याच गृहीतकाला ओल्सेन यांचे स्वतःचे आयुष्य उत्तर देते. 1942 मध्ये फ्रेडरिक्स्टाडला जन्मलेला हा माणूस राष्ट्रीय संघाकडून 16 सामने खेळला, आणि त्याची ओळख होती चेंडू पायात खेळवत एकामागून एक प्रतिस्पर्ध्याला चकवणारा खेळाडू अशी. ‘ड्रिलो’ हे टोपणनाव त्या ड्रिबलिंगमुळेच पडले. म्हणजे ज्याला कौशल्याचा वैरी ठरवले जाते, तो तारुण्यात कौशल्यासाठीच ओळखला जात होता. एका खेळाडूच्या चकवाचकवीने प्रेक्षक सुखावतो, पण सामन्याचा निकाल त्याने किती वेळा बदलतो, हा प्रश्न विचारायचा अधिकार अशाच माणसाला असतो. पुढे ओस्लोच्या क्रीडा महाविद्यालयात शिकवताना त्यांनी तो प्रश्न सामन्यांच्या चित्रफिती पाहून, हल्ल्यांची नोंद करून सोडवायला घेतला. राजकारणाने ते कट्टर डावे, मार्क्सवादी-लेनिनवादी पक्षाचे सदस्य. मैदानाच्या कडेला पायात रबरी गमबूट. जगाचा भूगोल तोंडपाठ. वर्तमानपत्रांना हा तऱ्हेवाईकपणा फार आवडला आणि त्यामागचा अभ्यासक मागे पडला.

ऑक्टोबर 1990 मध्ये राष्ट्रीय प्रशिक्षक म्हणून त्यांच्या पहिल्याच सामन्यात नॉर्वेने कॅमेरूनला 6-1 असे हरवले. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात कॅमेरूनने विश्वचषकाची उपउपांत्य फेरी गाठली होती. पुढे 1994 च्या पात्रता फेरीत नॉर्वेच्या गटात इंग्लंड, नेदरलँड्स आणि पोलंड होते. तिथे गटात पहिला आला नॉर्वे, आणि इंग्लंड विश्वचषकाला मुकले. जून 1993 मध्ये ओस्लोत इंग्लंड 2-0 ने हरले, तेव्हा त्यांचे प्रशिक्षक ग्रॅहम टेलर होते. टेलर स्वतः थेट खेळाचे पुरस्कर्ते होते. नुसता लांब चेंडू मारून सामने जिंकता येत असते, तर त्या दिवशी दोन्ही संघांकडे तेच शस्त्र होते. नॉर्वेकडे त्याच्या जोडीला दुसरे काहीतरी होते.

ते काय होते, हे समजून घ्यायला त्या काळात फार थोडे तयार होते. ओल्सेन यांच्या संघाचा पाया बचावात होता. माणसामागे माणूस न लावता प्रत्येकाने आपापला पट्टा राखायचा, आणि चेंडू सरकला की अख्ख्या फळीने एकत्र सरकायचे. पुढे एकच आघाडीपटू, मध्ये पाच जण. चेंडू हिसकावला की पहिला विचार पुढचा. यामागचे त्यांचे निरीक्षण मला फार मोलाचे वाटते: प्रतिस्पर्ध्याची बचावफळी सावरलेली आहे की विस्कटलेली, यावर हल्ल्याचे यश अवलंबून असते. इंग्लंडमध्ये चार्ल्स रीप या हवाई दलातल्या हिशेबनिसाने 1950 पासून सामन्यांची टिपणे ठेवली होती आणि बहुतेक गोल तीन किंवा त्याहून कमी पासमध्ये होतात असे सांगितले होते. त्यात मोठी खोट होती. मुळात फुटबॉलमधल्या बहुतेक चाली तीन पासच्या आतच तुटतात, तेव्हा गोलही तिथेच जास्त दिसणार. ओल्सेन रीप यांना मानत, त्यांच्या संपर्कातही होते. पण पास किती झाले यापेक्षा चेंडू मिळाला त्या क्षणी समोरचा बचाव कसा उभा होता, हे त्यांनी महत्त्वाचे मानले. आज चेंडू हिसकावल्यानंतरच्या पहिल्या काही सेकंदांबद्दल मोठमोठे प्रशिक्षक जे बोलतात, त्याचे कौतुक होते. ओल्सेन ते बोलले तेव्हा त्यांना रुक्ष म्हटले गेले.

लांब पासही आंधळा नव्हता. डाव्या बगलेवरून स्टिग इंगे ब्यॉर्नेबी तिरपा चेंडू पलीकडच्या उजव्या बगलेवर टाकत. तिथे योस्टाइन फ्लो हा उंचापुरा आघाडीपटू मुद्दाम विंगवर उभा केलेला असे. मधल्या उंच बचावपटूंशी त्याची गाठ पडू नये आणि बगलेवरच्या ठेंगण्या बचावपटूशी पडावी, ही योजना. तो हेडर कुठे पडणार हे ठाऊक असल्यामुळे ओइविंद लेओनहार्डसेन चेंडू हवेत असतानाच धावत सुटलेला असे. डाव्या पायाने साठ यार्डांवर असा अचूक चेंडू टाकणे हे कौशल्य नाही, असे कोण म्हणेल?

आता 1994. टीकाकारांचा सर्वात भक्कम पुरावा इथेच आहे आणि तो मी टाळणार नाही. इटलीविरुद्धच्या सामन्यात त्यांचा गोलरक्षक पाग्लियुका 21 व्या मिनिटाला बाहेर काढला गेला. त्यानंतर नॉर्वे दहा जणांविरुद्ध खेळत राहिला, आणि गोल केला तो इटलीच्या दिनो बाज्जोने. पुढे त्यांचा बचावपटू माल्दिनीही लंगडत होता. समोरचा संघ मागे सरून दाटीवाटीने बचाव करत असताना चेंडू स्वतःकडे ठेवून वाट काढावी लागते, आणि ती विद्या या संघाला येत नव्हती. ही ओल्सेन यांच्या पद्धतीची खरी मर्यादा. 1996 च्या युरोपीय स्पर्धेची पात्रता शेवटच्या सामन्यात नेदरलँड्सकडून 3-0 ने हरून हुकली, तीही त्यांच्या नावावर मांडा. पण 1994 च्या त्या गटाचा तक्ताही पाहा. मेक्सिको, आयर्लंड, इटली, नॉर्वे या चौघांचेही चार गुण, चौघांचाही गोलफरक शून्य. नॉर्वे शेवटचा ठरला तो केलेल्या गोलांच्या संख्येवर. तेवढेच गुण मिळवून तिसरी आलेली इटली पुढे थेट अंतिम सामन्यात पोहोचली. एका गोलाच्या अंतरावरून एका संघाला महान आणि दुसऱ्याच्या संपूर्ण विचाराला दिवाळखोर ठरवणे हा न्याय नव्हे.

याहून विचार करायला लावणारा आक्षेप नॉर्वेतूनच येतो. त्याच देशात, त्याच काळात निल्स आर्ने एगेन यांनी ट्रॉन्डहाइमच्या रोझेनबोर्गला आक्रमक, छोट्या पासचा, तीन आघाडीपटूंचा खेळ शिकवला आणि डिसेंबर 1996 मध्ये मिलानला त्यांच्याच मैदानावर 2-1 ने हरवले. मग ओल्सेन यांना ते का जमू नये? एगेन थोर होतेच. त्यांच्याकडे मात्र तीच मुले वर्षभर, रोज सरावाला होती. एकमेकांची पावले ओळखायला लागणारा वेळ त्यांच्या हाती होता. राष्ट्रीय प्रशिक्षकाला वर्षातून मोजके दिवस मिळतात, वेगवेगळ्या देशांतल्या क्लबांतून आलेले खेळाडू मिळतात. थोड्या दिवसांत पक्की होईल, दडपणाखाली आठवेल आणि कुणी जायबंदी झाला तरी कोसळणार नाही, अशीच पद्धत तिथे चालते. ओल्सेन यांनी तीच निवडली. दोघांचे प्रश्न वेगळे होते, म्हणून उत्तरे वेगळी.

‘त्यांना इंग्लंडमध्ये खेळणारी सोन्यासारखी पिढी आयती मिळाली’ हे म्हणणे तर कालक्रमापुढे टिकत नाही. 1990 मध्ये इंग्लंडमध्ये नॉर्वेचे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके खेळाडू होते. हेनिंग बर्ग, ब्यॉर्नेबी, योस्टाइन फ्लो, लेओनहार्डसेन, सोल्स्कायर हे सगळे त्यानंतर गेले. इंग्लिश क्लबांची नजर नॉर्वेकडे वळली, यात राष्ट्रीय संघाच्या यशाचा वाटा मोठा होता.

आणि मग 23 जून 1998, मार्सेय, विश्वचषकातला ब्राझीलविरुद्धचा गटसामना. बेबेतोच्या गोलाने ब्राझील पुढे, सामना संपायला बारा मिनिटे. टोरे आंद्रे फ्लोने बरोबरी साधली, आणि अगदी शेवटी शेटिल रेकडालने पेनल्टीवर गोल केला. त्या पेनल्टीवरून पंच एस्फंदियार बहारमस्त यांच्यावर जगभरातून चिखलफेक झाली, कारण दूरचित्रवाणीच्या नेहमीच्या कोनांत काही दिसत नव्हते. नंतर एका स्वीडिश कॅमेऱ्यातून ज्युनियर बायानो फ्लोचा शर्ट धरून ओढत असल्याचे स्पष्ट झाले. पंचांची माफी मागितली गेली; नॉर्वेच्या खेळाबद्दलचे मत मात्र कुणी तपासले नाही. ‘ब्राझील आधीच पुढच्या फेरीत गेले होते’ एवढे म्हणून विषय मिटवण्यात आला. वर्षभर आधी, मे 1997 मध्ये ओस्लोत, रोनाल्डो आणि रोमारिओ असलेल्या विश्वविजेत्या ब्राझीलला याच संघाने 4-2 ने हरवले होते.

माझा मंडनाचा मुद्दा सौंदर्याचाच आहे. चेंडू ज्याच्या पायात आहे त्याच्याकडेच पाहायची सवय असेल, तर ओल्सेन यांचा संघ कंटाळवाणा दिसतो. त्यांचा भर चेंडूविना असलेल्या खेळाडूवर होता. कुणाला काही मिळेल याची खात्री नसताना तिघांनी एकाच वेळी पूर्ण वेगाने धाव घेणे, दहा जणांनी एका लयीत डावीकडून उजवीकडे सरकणे, यात मला सामूहिक श्रमाचे सौंदर्य दिसते. जेमतेम 43 लाख लोकवस्तीच्या देशाने 1993 आणि 1995 मध्ये जागतिक क्रमवारीत दुसरा क्रमांक मिळवला तो याच बळावर. मुबलक प्रतिभा लाभलेल्या देशांनी आपल्या आवडीला कलेची एकमेव कसोटी बनवावी आणि बाकीच्यांनी देखणे हरत राहावे, हे मला मान्य नाही.

ही पद्धत कुठेही चालते, असा माझा दावा नाही. विम्बल्डन या इंग्लिश क्लबमध्ये ती फसली. 2000 मध्ये मोसम संपता संपता ओल्सेन यांना काढले गेले आणि क्लब खालच्या श्रेणीत घसरला. पण 2009 मध्ये ते राष्ट्रीय संघाकडे परतले आणि पहिल्याच सामन्यात नॉर्वेने ड्युसेलडॉर्फला जर्मनीला 1-0 ने हरवले.

नोव्हेंबर 2025 मध्ये नॉर्वेने मिलानमध्ये इटलीला 4-1 ने हरवून 1998 नंतर प्रथमच विश्वचषकात जागा मिळवली. प्रशिक्षक होते स्टॉले सोलबाकेन, ओल्सेन यांच्या 1998 च्या संघातले मधल्या फळीचे खेळाडू. हालंड आणि ओडेगार्ड यांच्या या संघाकडे बोट दाखवून आता म्हटले जाते की नॉर्वेचा फुटबॉल ड्रिलोंच्या सावलीतून अखेर सुटला. हे म्हणणाऱ्यांनी मधल्या 27 वर्षांचा हिशेब द्यावा. हालंड आणि ओडेगार्ड दोघेही राष्ट्रीय संघात आल्यावरसुद्धा 2022 चा विश्वचषक हुकला, 2024 ची युरोपीय स्पर्धा हुकली. ओल्सेन यांच्याकडे त्या तोडीचा एकही खेळाडू नव्हता, आणि ते लागोपाठ दोन विश्वचषकांना गेले.