इच्छामरण : कोणाची इच्छा, कोणाचे मरण?

मध्यंतरी एका महाविद्यालयाच्या वादविवाद स्पर्धेला परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. विषय परिचयाचाच होता: 'इच्छामरणाला कायद्याची मान्यता असावी.' फाशीची शिक्षा, गर्भपात आणि इच्छामरण या तीन विषयांवाचून आपल्याकडील अशा स्पर्धा सहसा पार पडत नाहीत. मुले मनापासून तयारी करून आली होती. ठरावाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी अरुणा शानबाग यांचे नाव घेतले आणि विरोधात बोलणाऱ्यांनीही त्यांचेच नाव घेतले. टाळ्या दोन्ही बाजूंना पडल्या.

बक्षीस समारंभ आटोपून जिना उतरत असता एका विद्यार्थिनीने मला थांबविले. स्पर्धेत तिने भाग घेतला नव्हता. ती म्हणाली, "फादर, माझे आजोबा सात आठवडे अतिदक्षता विभागात होते. बरे होणार नाहीत, असे डॉक्टरांनी दुसऱ्याच आठवड्यात सांगितले होते. बाबांनी वाडी गहाण टाकली. मशीन काढा असे म्हणायला घरात कोणीही धजले नाही. ते पाप आहे, असेच सगळ्यांना वाटत होते. खरेच ते पाप झाले असते का?"

तिला मी तेथल्या तेथे उत्तर दिले, परंतु ते अपुरे होते. व्यासपीठावर तासभर जी चर्चा झाली तिच्यात या मुलीच्या प्रश्नाला जागाच नव्हती, ही गोष्ट मला अधिक बोचली. म्हणून हा लेखनप्रपंच.

अरुणा शानबाग : दोन्ही बाजूंचा दाखला

अरुणा शानबाग मूळच्या कर्नाटकातील हळदीपूरच्या. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात त्या परिचारिका होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्याच रुग्णालयातील एका सफाई कर्मचाऱ्याने कुत्र्याच्या साखळीने त्यांचा गळा आवळून त्यांच्यावर अत्याचार केला. मेंदूचा प्राणवायू तुटल्यामुळे त्या कायमच्या विकल झाल्या. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. मधली एकेचाळीस वर्षे त्या त्याच रुग्णालयात होत्या.

लेखिका पिंकी विराणी यांनी त्यांच्यासाठी दयामरणाची याचिका केली. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि ज्ञानसुधा मिश्रा यांनी ती फेटाळली. मात्र तोच निकाल देताना न्यायालयाने एक दारही उघडले. उच्च न्यायालयाच्या परवानगीने, विशिष्ट परिस्थितीत, जीवनाधार काढून घेता येईल, असे तत्त्व त्या निकालाने मान्य केले. ज्या स्त्रीच्या नावाने ते दार उघडले तिला त्यातून जावे लागले नाही, हा त्या प्रकरणातील विलक्षण योग होय.

त्यांना त्यातून जावे लागले नाही याचे कारण के.ई.एम.च्या परिचारिका. अरुणाताईंच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, असा प्रश्न आला तेव्हा न्यायालयाने तो रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांचा मानला, कारण रात्रंदिवस त्यांच्याजवळ हीच माणसे होती. इतकी वर्षे अंथरुणाला खिळूनही अरुणाताईंच्या अंगावर शय्याव्रण झाले नाही, याची नोंद निकालपत्रात आहे. ज्यांनी घरी वृद्ध आईबापांची शुश्रूषा केली आहे त्यांना या एका वाक्याचे मोल समजेल. दर काही तासांनी कूस बदलणे, अंग पुसणे, कपडे बदलणे, मऊ केलेले अन्न घास घास भरविणे, आणि हे सारे परिचारिकांच्या एका पिढीने दुसरीकडे सोपविणे, एवढा अर्थ त्यात साठलेला आहे.

शब्दांचा घोळ

आपल्या चर्चांतील पहिली अडचण शब्दांची आहे. 'इच्छामरण' म्हटले की मराठी मनाला शरपंजरी भीष्म आठवतात. कोणी सावरकरांच्या १९६६ मधील प्रायोपवेशनाचा, तर कोणी विनोबांनी १९८२ साली पवनारला केलेल्या अन्नत्यागाचा दाखला देतो. या थोर पुरुषांच्या निर्णयाचा अर्थ त्यांच्या त्यांच्या परंपरेत लावावा लागेल, आणि ख्रिस्ती दृष्टी त्याकडे निराळ्या नजरेने पाहते हे मी लपवीत नाही. परंतु एक गोष्ट स्पष्ट आहे. तेथे इच्छा त्यांची स्वतःची होती. अरुणाताईंना इच्छा व्यक्त करताच येत नव्हती. मग त्यांच्या प्रकरणाला 'इच्छामरण' म्हणणे कितपत बरोबर? इच्छा दुसऱ्याची आणि मरण मात्र तिचे, असा तो प्रकार झाला असता. 'दयामरण' हा शब्द निदान एवढे कबूल करतो की निर्णय घेणारा दुसरा कोणी आहे.

दुसरा घोळ याहून गंभीर आहे. विषारी इंजेक्शन देऊन रुग्णाचा जीव घेणे आणि निष्फळ ठरलेले यंत्र बाजूला करून त्याला त्याच्या नैसर्गिक मृत्यूच्या स्वाधीन करणे, या दोन कृती आपण एकाच शब्दात कोंबतो. पहिल्या कृतीत मृत्यू घडवून आणणे हाच हेतू असतो. दुसऱ्या कृतीत मृत्यू आजाराने येतो आणि माणूस त्याच्यापुढे नमते घेतो. स्पर्धेत ठरावाच्या बाजूची मुले दुसऱ्या कृतीची उदाहरणे देऊन पहिलीचे समर्थन करीत होती, तर विरोधी मुले पहिलीचा धिक्कार करता करता दुसरीही निषिद्ध ठरवीत होती.

ख्रिस्तसभा काय शिकवते

येथे आम्हा धर्मगुरूंनाही आत्मपरीक्षण करावे लागेल. दयामरणाला ख्रिस्तसभेचा विरोध आहे, हे आम्ही व्यासपीठावरून ठणकावून सांगितले. त्याच शिकवणुकीचा दुसरा अर्धा भाग सांगताना मात्र आमचा आवाज क्षीण झाला. त्या विद्यार्थिनीच्या घरातील भीती कोठून आली, हे शोधायला फार दूर जायला नको.

नोव्हेंबर १९५७ मध्ये पोप बारावे पायस यांनी भूलतज्ज्ञांपुढे बोलताना सांगितले की जीवनरक्षणासाठी सामान्य उपाय योजणे हे कर्तव्य आहे, असामान्य उपाय योजण्याचे बंधन नाही. १९८० साली व्हॅटिकनच्या श्रद्धाविषयक मंडळाने दयामरणावर जाहीरनामा काढला. उपचारांचे स्वरूप, धोका, खर्च आणि रुग्णाची शारीरिक व मानसिक शक्ती यांच्याशी अपेक्षित लाभ ताडून पाहावा, असे त्यात सुचविलेले आहे. कुटुंबावर पडणाऱ्या अवाजवी खर्चाचा विचार करणे हे अश्रद्धेचे लक्षण मानलेले नाही. वेदनाशामक औषधांमुळे आयुष्य काहीसे घटण्याचा संभव असला तरी, हेतू केवळ वेदना शमविण्याचा असेल आणि अन्य मार्ग नसेल, तर ती देण्यासही मुभा आहे. १९९५ सालच्या परिपत्रकात पोप दुसरे जॉन पॉल यांनी दयामरणाचा निःसंदिग्ध निषेध केला, पण निष्फळ उपचारांचा अट्टाहास सोडणे म्हणजे दयामरण नव्हे, हेही तेथेच नमूद केले. एप्रिल २००५ मध्ये स्वतःची अखेर जवळ आली तेव्हा ते पुन्हा रुग्णालयात गेले नाहीत. व्हॅटिकनमधील आपल्या खोलीतच त्यांनी देह ठेवला.

कायदा आज कोठे आहे

९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क हा घटनेच्या एकविसाव्या कलमातील जीवनहक्काचा भाग मानला आणि 'वैद्यकीय इच्छापत्रा'ला मान्यता दिली. भानावर असलेल्या कोणाही प्रौढ व्यक्तीला, आपण बोलण्याच्या स्थितीत नसू तेव्हा कोणते उपचार नकोत आणि आपल्या वतीने कोणी बोलावे, हे आधीच लिहून ठेवता येते. आरंभी त्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी लागत असे. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने ही वाट सुकर केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी अथवा राजपत्रित अधिकारी पुरेसा आहे. उपचार थांबविण्यापूर्वी डॉक्टरांच्या दोन मंडळांची संमती मात्र आवश्यक आहे. प्राणघातक औषध देऊन मृत्यू घडविणे आजही गुन्हाच आहे.

या कायद्यातील बराचसा भाग ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीशी जुळणारा आहे, हे मोकळेपणाने मान्य करावे. मतभेद एका ठिकाणी उरतो. नळीवाटे दिले जाणारे अन्नपाणी न्यायालये उपचार समजतात. उलट, २००४ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी ते औषधोपचार नसून सामान्य शुश्रूषा आहे, असे सांगितले. शरीर ते स्वीकारू शकते तोवर ते तोडू नये, कारण मग मृत्यू आजाराने न येता भुकेने आणि तहानेने येतो. के.ई.एम.च्या परिचारिकांना हा भेद कोणी शिकविला नव्हता. त्या नुसत्या भरवीत राहिल्या.

'ओझे' हा शब्द

स्पर्धेत सर्वाधिक वेळा आलेला शब्द होता 'ओझे'. रुग्ण कुटुंबावर ओझे आहे, समाजावर ओझे आहे. हा शब्द मला अस्वस्थ करतो, कारण आमच्या धर्मग्रामातील आजाऱ्यांना पवित्र साक्रामेंत देण्यास जातो तेव्हा म्हाताऱ्या माणसांच्या तोंडूनही तोच ऐकू येतो. "फादर, मुलांवर ओझे झाले आहे, देवाने आता न्यावे." या वाक्यात मरणाची इच्छा किती आणि कोणी जवळ बसत नाही याचे दुःख किती, हे तेथे पाच मिनिटे अधिक थांबल्यावर कळते.

काही वर्षांपूर्वी दक्षिण मुंबईतील एका निरपत्य वृद्ध दांपत्याने राष्ट्रपतींकडे मरणाची परवानगी मागितली होती. त्यांना कोणताही दुर्धर आजार नव्हता. पुढे दुसऱ्याच्या आधाराने जगावे लागेल, ही धास्ती होती. कॅनडाने २०१६ साली मरणासन्न रुग्णांसाठी वैद्यकीय साहाय्याने मृत्यूची मुभा दिली आणि २०२१ साली ज्यांचा मृत्यू नजीक नाही अशांनाही ती लागू केली. असे दार एकदा उघडले की त्यातून प्रथम कोण ढकलला जाईल? ज्याच्याकडे पैसा आहे, नोकरचाकर आहेत, तो खचित नव्हे.

'पण आमच्या घरी चाळीस वर्षे सेवा करणाऱ्या परिचारिका नाहीत,' असे कोणी म्हणेल. हा आक्षेप खरा आहे, आणि त्याला प्रवचनाने उत्तर देता येणार नाही. १९८६ साली डॉ. एल. जे. डिसोझा यांच्या पुढाकाराने वांद्रे येथे 'शांती आवेदना सदन' सुरू झाले. कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेतील रुग्णांसाठी देशातील ते पहिले शुश्रूषाकेंद्र. आजार बरा होत नसला तरी वेदना कमी करता येते, हे तेथील धर्मभगिनी आणि डॉक्टर दाखवीत आले आहेत. केरळात तर १९९३ मध्ये कोझिकोड येथे सुरू झालेल्या कामातून शेजारीपाजारीच घरोघरी रुग्णसेवा देऊ लागले, आणि २००८ साली राज्य शासनाने त्याचे धोरण केले. जे तेथील खेड्यांना जमले ते आपल्या धर्मग्रामांना का जमू नये? सणांच्या रोषणाईसाठी आपल्याकडे समित्या आहेत. अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी आठवड्यातून दोन तास बसण्यासाठी किती धर्मग्रामांत समिती आहे? सांभाळणाऱ्या सुनेला किंवा लेकीला ते दोन तास झोप मिळाली, तर 'ओझे' हा शब्द त्या घरात कमी वेळा उच्चारला जाईल.

त्या मुलीस

आता त्या जिन्यावरील प्रश्नाकडे येतो. नाही बाळ, ते पाप झाले नसते. बरे होण्याची आशा संपल्यावर, डॉक्टरांशी व घरच्यांशी बोलून, यंत्र थांबवून आजोबांना घरी आणले असते, वेदना शमविणारे औषध आणि पाण्याचा घोट देत त्यांच्या उशाशी बसून प्रार्थना केली असती, तर ते ख्रिस्ती मरणच ठरले असते. तुझ्या बाबांनी वाडी गहाण टाकली तीही प्रेमापोटीच. त्यांना दोष देऊ नकोस. दोष द्यायचाच तर तो आम्हांला दे, कारण हे आम्ही त्यांना वेळेवर सांगितले नाही.

वाचकहो, आपल्या घरातील वडीलधारी मंडळी धडधाकट आहेत तोवरच हा विषय जेवणाच्या पाटावर काढावा. काय हवे, काय नको, कोणी बोलावे, हे विचारून ठेवावे, जमल्यास लिहूनही ठेवावे. अशुभ बोलू नये म्हणून आपण गप्प बसतो, आणि मग अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर, रात्री दोन वाजता, कोणा अनोळखी डॉक्टरपुढे तोच निर्णय घेण्याची पाळी आपल्यावर येते.