बेटावर जाताय? आधी बेटाचं माप बघा

परीक्षा संपायला आठवडा उरला की प्रत्येक कॉलेजच्या प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच मेसेज पडतो, 'काय मग, कुठे जायचं?' पहिलं नाव अर्थात गोव्याचं. गोव्याचा प्लॅन परंपरेप्रमाणे बारगळतो. मग कुणीतरी एक रील टाकतं. निळंशार पाणी, पांढरी वाळू, वाकलेला माड, फिल्टर लावायचीसुद्धा गरज नाही. खाली लिहिलेलं असतं, 'यंदा लक्षद्वीप!' आणि सोळा जण अंगठा दाखवून मोकळे होतात.

जा की! कुणी अडवलंय? पण तिकिटाचे रेट बघण्याआधी पाच मिनिटं द्या. बेटाचं माप बघायला.

जानेवारी २०२४ आठवतो? पंतप्रधान नरेंद्र मोदी यांचे लक्षद्वीपच्या किनाऱ्यावरचे फोटो आले. त्यावरून मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी सोशल मीडियावर अपमानास्पद कॉमेंट्स केल्या. तिथल्या सरकारने त्यांना निलंबित केलं, पण तोवर आपल्याकडे 'बॉयकॉट मालदीव'चा ट्रेंड पेटला होता. बुकिंग रद्द केल्याचे स्क्रीनशॉट फिरले. आठवडाभरात लक्षद्वीप सगळ्यांच्या बकेट लिस्टमध्ये पहिल्या नंबरवर. १ फेब्रुवारीच्या अंतरिम अर्थसंकल्पात लक्षद्वीपसह आपल्या बेटांवर बंदरजोडणी आणि पर्यटनाच्या सोयी उभारण्याची घोषणाही झाली. त्याच वर्षी गोव्याहून अगत्ती बेटापर्यंत छोटं विमान सुरू झालं.

या सगळ्या गदारोळात एक साधा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारला नाही. हे लक्षद्वीप आहे तरी केवढं?

उत्तर आहे ३२ चौरस किलोमीटर. तेही सगळी बेटं मिळून. बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान १०० चौरस किलोमीटरहून थोडं मोठं आहे. म्हणजे हा आख्खा केंद्रशासित प्रदेश नॅशनल पार्कच्या एक तृतीयांश जागेत मावेल. वस्ती फक्त दहा बेटांवर. २०११ च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या होती ६४ हजार ४७३. चौरस किलोमीटरला साधारण दोन हजार माणसं. आपल्या रीलमधलं बेट रिकामं असतं, तिथे कुणी राहतच नाही असं वाटतं. खरं लक्षद्वीप चांगलं भरलेलं आहे.

मालदीवशी तुलना करणाऱ्यांनी हा फरक बघायला हवा. मालदीवकडे जवळपास १२०० बेटं आहेत, त्यामुळे 'एक निर्मनुष्य बेट, एक रिसॉर्ट' असं मॉडेल त्यांना जमलं. तरीही कचऱ्याचं काय झालं? राजधानी मालेजवळ थिलाफुशी इथल्या उथळ पाण्यात कचऱ्याचा भराव घालता घालता एक आख्खं बेटच तयार झालं. कचऱ्याचं बेट! आपल्याकडे तर असं बाजूला टाकायला काही शिल्लकच नाही.

आता पाण्याचं बघू. लक्षद्वीपला नदी नाही, ओढा नाही, डोंगर नाही, त्यामुळे धरणाचा प्रश्नच नाही. पावसाचं पाणी वाळूतून झिरपतं आणि जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. गोडं पाणी हलकं, खारं जड. दुधावर साय धरावी तसा हा गोड्या पाण्याचा थर. घरोघरच्या विहिरी या सायीवर चालतात. पंप लावून जोरात उपसा केला की खालचं खारं पाणी वर येतं आणि विहीर मचूळ होते. त्यात भर म्हणजे शौचालयाचं पाणीही त्याच वाळूत मुरतं. शॉवरखाली वीस मिनिटं उभं राहणारा पाहुणा कुणाची साय खातोय, ते लक्षात घ्या.

मग समुद्राचं पाणी गोडं करा ना! केलंय. चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने २००५ मध्ये कवरत्ती बेटावर त्यासाठी प्रकल्प उभारला. समुद्राचं वरचं पाणी कोमट, खोलवरचं थंड, या फरकावर तो चालतो. क्षमता रोज एक लाख लिटर. ऐकायला भारी वाटतं. पण २०११ मध्ये कवरत्तीची वस्ती ११ हजारांवर होती. भागाकार करा. माणशी नऊ लिटर, म्हणजे अर्धी बादली. प्यायला-स्वयंपाकाला पुरेल. स्विमिंग पूल भरायला नाही.

तांदूळ, भाजी, सिमेंट, डिझेल, सगळं मुख्य भूमीवरून जहाजाने येतं. वीज बऱ्याच अंशी त्याच डिझेलवर चालते. आणि माणसंही त्याच जहाजांनी ये-जा करतात. कोचीहून १४ ते १८ तासांचा प्रवास. तुमच्या-माझ्या वयाच्या तिथल्या मुलांना पुढच्या शिक्षणासाठी बहुतेक वेळा केरळ गाठावं लागतं, मोठ्या उपचारांसाठी रुग्णांनाही. जहाजाचं तिकीट मिळत नाही, ही बेटावरची जुनी तक्रार. लोकलच्या दारात लटकणाऱ्या आपल्याला हे दुखणं पटकन कळायला हवं. फरक इतकाच, की आपली पुढची लोकल चार मिनिटांनी येते.

आणि ज्यासाठी आपण जाणार, ते प्रवाळ? आपण ज्याला रंगीत दगड समजून त्यावर पाय ठेवतो ती जिवंत प्राण्यांची वसाहत असते. बेटावरची ती पांढरी वाळू म्हणजे मुळात प्रवाळाचा चुरा. भोवतीचं प्रवाळाचं कडं लाटा अडवतं म्हणून आतलं पाणी शांत आणि निळं. ही बेटं समुद्रापासून जेमतेम एक-दोन मीटर उंच आहेत. २०१७ च्या ओखी वादळाने ही उंची किती कमी आहे ते दाखवून दिलं. प्रवाळ गेलं तर वाळूही गेली आणि भिंतही.

समुद्र फार तापला की प्रवाळ आपल्या आतलं सूक्ष्म शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. लक्षद्वीपमध्ये हे १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये घडलं. २०२४ च्या उन्हाळ्यात, म्हणजे ज्या वर्षी आपण 'चलो लक्षद्वीप' म्हणत होतो त्याच वर्षी, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने पुन्हा मोठ्या प्रमाणावर प्रवाळ पांढरं पडल्याची नोंद केली. अगत्ती, कदमत आणि कवरत्ती इथल्या २४ वर्षांच्या अभ्यासात जिवंत प्रवाळाचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आल्याचं दिसलं. ही उष्णता तुमच्या ट्रिपमुळे आली असं कुणी म्हणणार नाही. पण आजारी माणसाच्या छातीवर उभं राहून सेल्फी काढू नये, एवढं तर आपल्याला कळतं.

आपल्याआधी जगाने हे करून बघितलंय. फिलिपिन्सचं बोराकाय बेट जेमतेम दहा चौरस किलोमीटरचं. हॉटेलं वाढत गेली, सांडपाणी थेट समुद्रात जायला लागलं, आणि २०१८ मध्ये सरकारला आख्खं बेट सहा महिने पर्यटकांसाठी बंद करावं लागलं. थायलंडची माया बे 'द बीच' या सिनेमामुळे जगप्रसिद्ध झाली. दिवसाला हजारो माणसं आणि त्यांच्या बोटी. प्रवाळ इतकं उद्ध्वस्त झालं की तीही २०१८ मध्येच बंद केली, ती उघडली थेट जानेवारी २०२२ मध्ये. मधल्या काळात तिथे शार्क मासे परतले. गर्दी जरा हटली की निसर्ग सावरतो. पण एवढं सगळं बिघडायची वाट आपण का बघायची?

पुढचा विषय संस्कृतीचा. आपल्या इटिनररीत ती एका संध्याकाळपुरती असते. 'लोकल कल्चर, सात ते आठ.' लोकनृत्य बघा, टाळ्या वाजवा, जेवायला चला. लक्षद्वीप एवढ्यात आटपत नाही. मिनिकॉयचे लोक महल बोलतात, ती मालदीवच्या धिवेहीची सख्खी बहीण. बाकीच्या बेटांवर मल्याळमच्या नात्यातली जेसरी. मिनिकॉयचे मच्छीमार जाळं न टाकता गळाने एकेक टुना पकडतात, आणि तो उकडून, धुरावून, वाळवून 'मास' तयार करतात. बहुसंख्य समाज मुस्लिम, आणि तरी परंपरेने मातृवंशीय. घराण्याची ओळख आईकडून, मुलगी लग्नानंतरही आपल्याच घरी, नवरा तिच्याकडे येणार. मराठी घरात जन्मलेल्या मानववंशशास्त्रज्ञ लीला दुबे यांनी कल्पेनी बेटावरच्या याच व्यवस्थेवर 'मॅट्रिलिनी अँड इस्लाम' हे पुस्तक लिहिलं, १९६९ मध्ये. आपल्या आजीच्या वयाचं पुस्तक आहे. कॉलेजच्या लायब्ररीत शोधा, ट्रिपआधी वाचा. गाइडच्या पाठ केलेल्या दोन वाक्यांपेक्षा कितीतरी जास्त हाताला लागेल.

आणि हो, वस्तीच्या बेटांवर दारूबंदी आहे. रिसॉर्टचं बंगाराम सोडलं तर बाकी लोकांची घरं, शाळा, मशिदी आहेत. शॉर्ट्सवर गल्लीतून फिरणं, कुणाच्या अंगणाचा न विचारता व्हिडिओ काढणं, हे आपल्या आजोळच्या गावात कुणी केलं तर कसं वाटेल? बस, तेवढाच नियम.

मग काय, बेटावर जाऊच नये? अजिबात नाही. तिथल्या तरुणांनाही काम हवंय. नारळ, मासेमारी आणि सरकारी नोकरी यापलीकडे तिथे फार पर्याय नाहीत. पर्यटनातून घर चालणार असेल तर तो त्यांचा हक्कच आहे. प्रश्न आहे तो किती आणि कुणासाठी, हे ठरवणार कोण? २०२१ मध्ये विकासासाठी जमीन ताब्यात घ्यायचे मोठे अधिकार प्रशासनाला देणाऱ्या नियमावलीचा मसुदा आला, तेव्हा बेटकऱ्यांनी 'सेव्ह लक्षद्वीप' म्हणत देशाचं लक्ष वेधलं होतं. सुहेली आणि कदमतवर पंचतारांकित रिसॉर्टची घोषणा २०२३ मध्ये झाली. पाण्यावरच्या व्हिला कॅटलॉगमध्ये सुंदर दिसतात. पण त्या उभ्या राहतात त्याच उथळ पाण्यात, जिथे तिथली माणसं मासे पकडतात.

म्हणून आमचं म्हणणं सरळ आहे. आधी माप, मग खोल्या. कुठल्या बेटाला किती पाणी आहे, किती कचरा परत नेता येतो, जहाजात किती जागा उरते, यावरून पाहुण्यांचा आकडा ठरवा, तो जाहीर करा आणि पाळा. हे काही क्रांतिकारी नाही. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन समितीने लक्षद्वीपच्या बेटांसाठी एकात्मिक व्यवस्थापन आराखड्यांचा रस्ता आधीच दाखवलाय. तिथल्या जुन्या सरकारी 'समुद्रम' पॅकेजमध्येही हेच शहाणपण होतं. दिवसा बेट बघा, रात्री झोपायला जहाजावर परत. बेटावर ताण कमी.

लक्षद्वीपला जायला भारतीयांनाही परवाना लागतो, यावर आपली पोरं वैतागतात. 'आपल्याच देशात परमिट कशाला, यार?' पण तो परवाना म्हणजे बेटाला असलेलं एकुलतं एक दार आहे. दार सताड उघडलं तर आधी आपण नाही, बुलडोझर आत शिरणार.

आपण काय करायचं? चार मित्रांनी जा, चाळीस जणांनी नको. जमलं तर स्थानिकांच्या घरगुती निवासात राहा म्हणजे पैसा तिथेच राहतो. प्लास्टिक नेलंत तर तेच प्लास्टिक बॅगेत भरून परत आणा. पाण्यात उतरताना सनस्क्रीनऐवजी पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घाला. सनस्क्रीनमधली काही रसायनं प्रवाळाला घातक आहेत म्हणून पलाऊ या छोट्याशा देशाने २०२० पासून तसल्या सनस्क्रीनवर बंदीच घातली. शंख-प्रवाळ उचलून आणू नका. लक्षद्वीपमध्ये प्रवाळ उचलणं हा गुन्हा आहे, 'मेलेलंच होतं' हे कारण चालत नाही. आणि सरावासाठी लांब जायची गरज नाही. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीही प्रवाळ आहे. पुढच्या वेळी तारकर्लीला स्नॉर्कलिंगला उतराल तेव्हा पाय खाली टेकवू नका. इथे जमलं तर तिथे जमेल.

परवाना यायला वेळ लागला, जहाजात जागा मिळाली नाही, यंदा नंबर लागला नाही, तर ग्रुपवर शिव्या घालू नका. तुमची ती सीट कदाचित कोचीला परीक्षेला निघालेल्या कुणाला मिळाली असेल. तुम्ही पुढच्या वर्षी जा. समुद्र तिथेच आहे. प्रवाळही तिथे असावं, एवढी काळजी आत्तापासून घेऊ या.