नशिबावर किती ढकलायचं?

परवा लालबागला मावसबहिणीच्या चाळीत अभिवाचनाचा कार्यक्रम होता. मोठे साहित्यिक वगैरे कुणी नव्हते. चाळीतल्याच सात-आठ जणांनी वाचायचं, बाकीच्यांनी सतरंजीवर बसून ऐकायचं आणि मग चहा. विषय होता, होत्याचं नव्हतं कसं होतं त्याचा. गिरणगावात हा विषय निघाला की 1982 चा संप येणारच! 18 जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. महिन्या-दोन महिन्यांत मिटेल म्हणता म्हणता तो मिटलाच नाही. कितीतरी घरं कायमची उठली.

एका तरुणाने जयंत पवारांच्या 'अधांतर' नाटकातला प्रवेश वाचला. संपानंतर वाताहत झालेल्या चाळीतल्या कुटुंबाची ही गोष्ट. एका बाईंनी कृष्णाबाई सुर्वे यांच्या 'मास्तरांची सावली'तली काही पानं वाचली. त्यावरून नारायण सुर्वे यांचा विषय निघाला. रस्त्यावर सापडलेलं हे मूल गिरणी कामगार गंगाराम सुर्वे यांनी घरी नेलं आणि पुढे 1998 मध्ये त्याच मुलाला 'पद्मश्री' मिळाली. म्हणजे दैव पाडतं तसं उचलतंही, असं म्हणत निवेदकांनी समारोप केला, "शेवटी काय, नशिबाचे फेरे!"

सगळ्यांनी माना हलवल्या. मीसुद्धा.

तेवढ्यात मागे बसलेल्या एक आजी उठल्या. म्हणाल्या, "वाचलंत ते खरं हो. पण संपाच्या वेळी मी गावाला होते, कोकणात. आमचे हे इथे गिरणीत. दर महिन्याला मनिऑर्डर यायची. संप झाला नि पोस्टमन वाटेवरूनच मान हलवून पुढे जायला लागला. दुकानदाराने उधारी बंद केली. मग मी पोरीची शाळा सोडवली, सातवीतून. पोराची नाही सोडवली. ते काय नशिबाने केलं? मीच केलं ना!"

चहाचे कप तसेच राहिले.

मैत्रिणींनो, त्या रात्री मला झोप लागली नाही. संकट अचानक येतं, मान्य. पण त्याची किंमत कुणी मोजायची, हे काही अचानक ठरत नाही. ते घरात, हळू आवाजात ठरतं. कुणाचे दागिने मोडायचे, कुणाचं दुखणं अंगावर काढायचं, कुणाची वही बंद करायची? उत्तर बहुतेक वेळा एकच असतं आणि ते आपल्याच तोंडून निघतं. मग पुढे आपण त्याला नशीब म्हणतो.

बाहेरही तेच. एके काळी गिरण्यांत वाइंडिंग, रीलिंग या खात्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. सुर्व्यांना सांभाळणाऱ्या काशीबाईही गिरणीत जायच्या. पुढे या बायकांची कामं कमी कमी होत गेली, संपाच्या कितीतरी आधी. ते उलटं फिरलेलं चाक कुणाला मोठंसं जाणवलंही नाही.

पण याच गिरणगावात दुसरंही घडलं. गावी कुटुंब ठेवून आलेल्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका सावकाराच्या व्याजात बुडालेल्या असत. 1975 मध्ये प्रेमाताई पुरव यांनी त्यांना एकत्र आणून 'अन्नपूर्णा महिला मंडळ' उभं केलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं. रोज पोळ्या लाटणाऱ्या बाईच्या नावाने बँकेत कागद झाला! कर्ज काही दैवाने आणून दिलं नाही. त्यासाठी बायकांना एकत्र यावं लागलं, सही करावी लागली.

ही जुनी गोष्ट आहे म्हणून सोडून देऊ नका. 2020 मध्ये टाळेबंदी लागली, शाळा मोबाइलवर आली. ज्या घरात एकच मोबाइल होता, तिथे तो आधी कुणाच्या हातात गेला? आपापल्या घरापुरतं आठवून पाहा. मी आठवलं, आणि मला बरं वाटलं नाही.

तुमच्या गावातही वाचनालय असेल, भिशी असेल, हळदीकुंकू असेल. एखाद्या वेळी असं वाचन ठेवा. पुस्तकातलं वाचा आणि मग घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना बोलू द्या. पुढचं संकट सांगून येणार नाही. पण ते आलं तर मुलीची शाळा यादीत सगळ्यात शेवटी राहील, एवढं आजच ठरवून ठेवता येईल की नाही?

निघताना आजींना विचारलं, "लेक काय म्हणते आता?"

"ती काहीच म्हणत नाही गं," त्या म्हणाल्या. "म्हणून तर आज मी बोलले."