खाद्य मोजणारे यंत्र आणि सेलूची पेंड

केंद्राच्या राष्ट्रीय पशुधन अभियानाची 2021 मध्ये फेररचना झाली. त्यात 100 माद्या व 10 नरांच्या वराह प्रजनन प्रकल्पाला भांडवली खर्चाच्या 50 टक्के, कमाल 30 लाख रुपये अनुदान देऊ करण्यात आले. परभणी जिल्ह्यातील सेलूसारख्या तालुक्यात एखाद्या कुटुंबाने हे धाडस करायचे ठरवले, तर घरच्या चार माणसांना शंभर माद्यांचा खुराक हाताने सांभाळणे जड जाणार. स्वयंचलित खाद्यवाटपाचा प्रश्न तेथूनच सुरू होतो.

यंत्राने श्रम वाचतात, हे त्याचे सर्वांत छोटे समर्थन आहे. वराहपालनाच्या खर्चात साधारण दोन तृतीयांश वाटा खाद्याचा असतो. गाभण मादीला, म्हणजे सुमारे 114 दिवस, मोजकाच खुराक द्यावा लागतो. ती लठ्ठ झाली तर विताना त्रास होतो आणि पुढे पिल्ले पाजताना, जेव्हा भरपूर खायला हवे तेव्हाच, तिची भूक मंदावते. एकत्र ठेवलेल्या माद्यांत दांडगी मादी दुबळीचा वाटा खाते. यावर युरोपात काढलेला उपाय असा: मादीच्या कानातील बिल्ला यंत्र ओळखते, तिच्यामागे फाटक बंद होते आणि तिच्या वाट्याचेच खाद्य थोडे थोडे पडते. सकाळी कोणी खाल्ले नाही याची यादी मिळते. आजाराची पहिली खूण बहुधा तीच असते. युरोपीय संघाने 2013 पासून गाभण माद्यांना बहुतांश काळ अरुंद कठड्यांत कोंडून ठेवण्यास मनाई केल्यावर या पद्धतीला जोर आला. बचतीचा हिशेबही साधा आहे. दर मादीमागे रोज 200 ग्रॅम खाद्य जादा पडत असेल, तर शंभर माद्यांमागे वर्षाला 73 क्विंटल खाद्य वाया जाते.

मात्र मोजायचे ते खाद्य एकसारखे असले पाहिजे. हॉटेलातील खरकट्यावर चालणाऱ्या वराहपालनाला हे यंत्र निरुपयोगी आहे. ओले, गोळा होणारे अन्न त्याच्या नळीतून पुढेच सरकणार नाही. कोरडे, दळलेले, प्रमाणबद्ध मिश्रण हवे. आणि येथे सेलूची खरी अडचण दिसते. हा कापसाचा पट्टा. गोठ्यात सर्रास चालणारी सरकी पेंड डुकरांना मोकळ्या हाताने देता येत नाही, कारण सरकीतील गॉसिपॉल त्यांना बाधते. सोयाबीन उत्तम, पण तेही कच्चे देऊन भागत नाही, भाजावे लागते किंवा तेल काढलेली पेंड घ्यावी लागते. मका साठवणीत दमट राहिला तर बुरशीचे विष. म्हणजे लाखोंच्या यंत्राआधी एक भरडणी, एक भाजणी आणि एक कोरडे कोठार लागते. त्यांची चर्चा कोणी करत नाही, कारण ती दिमाखदार नाहीत.

विजेचे तर बोलायलाच नको. शेतातील कृषी वाहिनीवर तीन-फेज वीज चोवीस तास नसते. भुकेलेल्या जनावरांना भारनियमन कळत नाही. त्यामुळे जनित्र आणि हाताने खाद्य घालण्याची पर्यायी व्यवस्था पहिल्या दिवसापासून ठेवावी लागेल. पंधरा-वीस माद्यांच्या कुटुंबाने तर इलेक्ट्रॉनिक यंत्राच्या नादी न लागता वजनकाटा, ठरलेले माप आणि खाताना माद्यांना वेगळे करणारे कप्पे एवढ्यावर थांबणेच शहाणपणाचे. असे एक यंत्र साधारण 50 माद्यांना पुरते. त्याखाली भांडवल वसूल होणे कठीण. अनुदानही दोन हप्त्यांत, आधी बँकेचे कर्ज किंवा पदरचा पैसा गुंतल्यावर हाती येते.

जोखीम मोठी आहे. आफ्रिकन स्वाइन फीव्हर 2020 मध्ये आसाम व अरुणाचल प्रदेशात प्रथम आढळला. या रोगावर उपचार नाही. एका शिरकावाने कळपच्या कळप संपतो. विषाणू खरकट्यातून, माणसांच्या चपलांतून आणि मोकाट डुकरांतून येतो. बंद कोठारातून नळीने येणारे खाद्य कळपात माणसांची ये-जा कमी करते, हा यंत्राचा लाभ हिशेबाच्या वहीत क्वचितच लिहिला जातो. पण गावकुसाला मोकाट डुकरे फिरत असताना तो लाभ मिळवायचा, तर आधी दुहेरी कुंपण घालावे लागेल, आणि त्याचा खर्च प्रकल्प अहवालात यंत्राच्या वरच्या ओळीत लिहावा लागेल.