दक्षिणेकडे निघालेल्या होड्यांची वाट कोणी राखायची?

ऑक्टोबर उजाडला की अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, चेसापीक उपसागराच्या आसपास, शिडाच्या होड्यांची दक्षिणेकडे जाण्याची लगबग सुरू होते. त्यांतल्या पुष्कळ होड्यांवर दोनच माणसे असतात. बहुतेक वेळा नवरा-बायको आणि बऱ्याचदा निवृत्त. दहा-बारा मीटरची होडी हेच त्यांचे घर. कडाक्याची थंडी पडण्याआधी उत्तर सोडायची, पण फ्लोरिडात फार लवकरही पोचायचे नाही. अटलांटिकमधल्या चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा धरतात आणि अनेक विमा करारांत या काळात ठरावीक अक्षांशाच्या खाली होडी नेण्यास मनाई असते. नारळी पौर्णिमेपर्यंत गलबते किनाऱ्याला ओढून ठेवणाऱ्या कोकणी माणसाला हा हिशेब वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. अशा जोडप्यांविषयी लिहिताना बहुतेक जण त्यांनी काय सोडले तेच सांगतात: घर, नोकरी, गर्दी, घड्याळ. हे चित्र अर्धवट आहे असे मला वाटते. या माणसांचे स्वातंत्र्य सार्वजनिक पैशातून खोदलेल्या आणि राखलेल्या पाणवाटेवर उभे आहे. म्हणूनच ती वाट लहानातल्या लहान होडीसाठी खुली ठेवणे ही सरकारची जबाबदारी ठरते.

व्हर्जिनियातल्या नॉरफोक बंदरात या वाटेचा शून्य मैल आहे. तिथून मायामीपर्यंत सुमारे १,०९५ मैल, म्हणजे जवळजवळ १,७६० किलोमीटर, हा ‘इंट्राकोस्टल वॉटरवे’ नद्या, खाड्या, किनाऱ्यालगतची उथळ सरोवरे आणि माणसाने खणलेले कालवे जोडत जातो. वाटेतला डिस्मल स्वॉम्प कालवा १८०५ मध्ये खुला झाला. दलदलीत उभे राहून तो हातांनी खणला तो गुलामांनी, आणि आज तिथून सुखाने जाणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवायला हवे. किनाऱ्याच्या आतून सलग जलमार्ग असावा ही योजना अमेरिकेचे तेव्हाचे अर्थमंत्री अल्बर्ट गॅलाटिन यांनी १८०८ च्या आपल्या अहवालात मांडली होती. १९४२ मध्ये जर्मन पाणबुड्यांनी नॉर्थ कॅरोलायनासमोर मालवाहू जहाजे बुडवायला सुरुवात केली, तेव्हा अशा आतल्या वाटेची किंमत साऱ्या देशाला कळली. आज आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्स तिचा गाळ काढते, तटरक्षक दल तिच्या खुणा सांभाळते, सागरी नकाशे आणि हवामानाचा अंदाज सरकार फुकट पुरवते. कालव्यांच्या दारांवर टोल नाही. रेडिओवर विनंती केली की ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे पूल उचलला जातो, त्याचेही पैसे पडत नाहीत.

या वाटेवरचा दिवस कसा जातो ते पाहिले की हे अवलंबित्व किती खोल आहे ते कळते. अरुंद कालव्यात शिडाचा फारसा उपयोग नसतो, त्यामुळे शिडाची होडी बहुतांश वेळ डिझेल इंजिनावर चालते, ताशी नऊ-दहा किलोमीटरने. एकाने सुकाणू धरायचे, दुसऱ्याने नकाशा आणि खोली दाखवणारे यंत्र यांवर नजर ठेवायची. दक्षिणेकडे जाताना लाल खुणा उजव्या हाताला ठेवायच्या; पण समुद्राकडून आत येणारी दुसरी वाट मध्येच मिळाली की लाल-हिरव्याचा क्रम उलटू शकतो आणि तिथे लाल-हिरव्यावर न जाता खुणेवरचा चिमुकला पिवळा त्रिकोण किंवा चौकोन पाहून चालावे लागते. बहुतेक स्थिर पुलांखाली ६५ फूट उंची मोकळी असते. पुलाच्या खांबावर फुटांचे आकडे रंगवलेली पट्टी असते, भरतीचे पाणी चढले की तिच्यावरचा आकडा खाली येतो. डोलकाठी ६३ फुटांची असेल तर दुर्बिणीतून तो आकडा वाचणाऱ्याचा आणि सुकाणू धरणाऱ्याचा एकमेकांवर पूर्ण भरवसा हवा. मायामीतल्या ज्यूलिया टटल पुलाखाली तर ५६ फूटच जागा आहे. उंच डोलकाठीवाल्यांना तिथे बाहेरच्या समुद्रातून जावे लागते. जॉर्जियात भरती-ओहोटीत दोन मीटरहून अधिक फरक पडतो, आणि जेकिल क्रीकसारख्या ठिकाणी ओहोटीला वाट गाळात हरवते.

पहिला आक्षेप इथेच येतो. जलमार्गाच्या देखभालीचा पैसा मुख्यतः मालवाहतुकीच्या टनांवर ठरतो. या मार्गावरच्या बार्ज कमी झाल्या तसा गाळ काढण्याचा निधीही आटला. मग मूठभर हौशी लोकांसाठी करदात्यांनी खर्च का करावा? प्रश्न रास्त आहे, पण टन हे माप अपुरे आहे. याच वाटेने कोळंबीच्या बोटी जातात, बार्ज जातात, तटरक्षक दलाची गस्त चालते. ब्यूफर्ट, जॉर्जटाउनसारख्या छोट्या बंदरगावांत या होड्या डिझेल, वाणसामान आणि दुरुस्ती यांवर खर्च करतात. शिवाय ही सगळी श्रीमंत माणसे नव्हेत. रोज मरीनाचे भाडे परवडत नाही म्हणून नांगर टाकणारेही त्यांत खूप आहेत. ‘स्वातंत्र्य हवे तर बाहेरच्या समुद्रातून जा’ असे काही जण म्हणतात. बाहेर केप हॅटरसची कुप्रसिद्ध वाळूची भाटे आहेत. त्यापलीकडे उत्तरेला धावणारा गल्फ स्ट्रीम आहे, आणि त्याच्यासमोर उत्तरेचा वारा आला की उभ्या लाटा उसळतात. पाळीपाळीने झोपणाऱ्या साठीच्या दोन माणसांना तिकडे जायला सांगणे म्हणजे हा प्रवास फक्त धडधाकटांसाठी राखून ठेवणे होय. लिन आणि लॅरी पार्डी या जोडप्याने स्वतः बांधलेल्या २४ फुटी, इंजिन नसलेल्या ‘सेराफिन’वर जग पालथे घातले. स्वावलंबनाचे याहून मोठे उदाहरण क्वचित मिळेल. पण त्यांनाही बंदराचे तोंड मोकळे आणि नांगर टाकायला जागा लागलीच.

नांगराचा वाद जास्त कडवट आहे. फ्लोरिडात पाण्याकाठी महागडी घरे असलेल्यांना समोर मुक्कामी होड्या नको असतात. २०१६ मध्ये त्या राज्याने मायामी आणि फोर्ट लॉडरडेल परिसरातल्या काही जागी रात्री नांगर टाकण्यास मनाई केली. मालकांची तक्रार सर्वस्वी खोटी नाही. सोडून दिलेल्या, अर्ध्या बुडालेल्या होड्या ही फ्लोरिडाची खरी डोकेदुखी आहे आणि मैला पाण्यात सोडणाऱ्याला शिक्षा व्हायलाच हवी. पण त्यासाठी स्वतंत्र कायदे आहेत: बेवारस होड्या हटवता येतात, किनाऱ्यापासून तीन मैलांच्या आत प्रक्रिया न केलेला मैला सोडता येत नाही. दोषी होडीवर कारवाई करा; रात्री विसावा घेऊन पहाटे निघणाऱ्या जोडप्याला काठावरच्या घरातून दिसणाऱ्या देखाव्यासाठी का हाकलायचे? वाहते पाणी आणि समुद्र सर्वांचे, हे तत्त्व जस्टिनियनच्या रोमन कायद्यापासून चालत आले आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही डिसेंबर १९९६ मध्ये एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ खटल्यात ते उचलून धरले: नदीसारखी नैसर्गिक संपत्ती सरकारकडे जनतेची ठेव म्हणून असते, खासगी सोयीसाठी ती देऊन टाकता येत नाही.

हे तत्त्व आपल्याकडे लागू असल्याने हा विषय केवळ अमेरिकेचा राहत नाही. दोघांनी होडी हाकत जग फिरणे हेही आता आपल्याला परके नाही, दिलना के. आणि रूपा ए. या नौदल अधिकारी २०२४ च्या ऑक्टोबरात गोव्याहून ‘तारिणी’वर निघाल्या आणि मे २०२५ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून परतल्या. पण साध्या माणसाने मुंबईहून शिडाची होडी घेऊन खाडीखाडीतून गोव्याकडे निघायचे म्हटले तर? कोकणातल्या कितीतरी खाड्यांची मुखे गाळाने उथळ झाली आहेत. रेवस-रेड्डी सागरी महामार्गासाठी त्याच खाड्यांवर नवे पूल होत आहेत. रस्ता हवाच, यात शंका नाही. मात्र एकदा ठेंगणा पूल उभा राहिला की त्याच्या आतली खाडी डोलकाठीच्या होडीला पिढ्यान् पिढ्या बंद होते. म्हणून प्रत्येक पुलाखाली भरतीच्या वेळी किती उंची मोकळी राहणार, हा आकडा आराखडा पक्का होण्याआधी जाहीर व्हावा, आणि त्यावर खाडीकाठच्या मच्छीमारांचे व नाखव्यांचे म्हणणे ऐकून घेतले जावे.